नंदनवनातलं पुणं

ऑफिसात रजेच्या अर्जावर मी ‘मित्राची भेट’ असं कारण लिहिलं होतं. ते अर्धंच खरं होतं. मी नागपूरला निघालो होतो ते मिलिंदचा बँड वाईट आहे, याची स्वतःच्या कानांनी खात्री करून घ्यायला.

मिलिंद आणि मी पुण्यात इंजिनिअरिंगला चार वर्षं एका खोलीत होतो. गिटारी दोन आणि वेड एकच. परदेशातल्या कर्कश, दणदणीत गाण्यांच्या कॅसेटी झिजेपर्यंत ऐकून आम्ही ती गाणी बोटांवर बसवायचो. तो खालची बाजू धरून ठेवायचा, मी वरची सुरावट वाजवायचो. टाळ्या मला पडायच्या. शेवटची परीक्षा झाली आणि तो नागपूरला परत गेला. महिन्याभरात त्याचं पत्र आलं: इकडे ये, बँड काढू, आणि गाणी आपल्या भाषेत करू. मी उत्तर दिलं नाही. हाच कंटाळून पुण्याला येईल, असा माझा अंदाज होता. तीन-चार महिन्यांनी एक पोस्टकार्ड आलं. ‘प्रिय अनंता, ड्रम वाजवणारा मिळाला. तालमीले जागा मिळाली. तुझी वाट पाहून राहिलो. मिलिंद.’

म्हणजे, पाहिली तुझी वाट आणि राहिलो इथेच. संपला विषय. मी जो फुरंगटून बसलो तो सहा वर्षं. भेटेल त्याला सांगायचो, मिलिंदनं मला बँडमधून वगळलं. बायकोला तर लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात सांगून झालं होतं.

आणि मग गेल्या दिवाळीनंतर ऑफिसात एका नागपूरकरानं एक कॅसेट आणली. वेष्टनावर लाल मिरची, बँडचं नाव ‘ठसका’, खाली बारीक अक्षरात मिलिंदचं नाव. आत पत्रा फाडल्यासारखी गिटार, आणि तिच्यावर एक बाई गात नव्हती, बोलत होती. तालात, धाडधाड, श्वास न घेता. अमेरिकेतली काळी पोरं रस्त्यावर असं तालात बोलतात, त्याला रॅप म्हणतात, एवढं माझ्या वाचनात होतं. पण हे चक्क नागपुरी मराठीत होतं आणि ऑफिसातली मंडळी टेबलं बडवत होती. त्या दिवशी मला डबा गेला नाही.

मी येतो म्हणून पत्र टाकलं. उलट टपाली उत्तर आलं: ‘ये.’ ते जुनं पोस्टकार्ड मी बॅगेत घातलं. भांडायचं तर पुरावा जवळ असलेला बरा.

नंदनवन

सहा वर्षांत माणूस सुटतो, टक्कल पडतं, निदान चष्मा तरी लागतो. स्टेशनवर स्कूटर घेऊन उभ्या असलेल्या मिलिंदला यातलं काहीच झालेलं नव्हतं. पहिली जळजळ तिथेच झाली.

दुसरी जळजळ शब्दशः झाली. त्यानं मला थेट पोह्यांच्या गाडीवर नेलं. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं आणि लिंबू येतं. इथे पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात, त्याला तर्री म्हणतात, आणि लोक तो सकाळी आठला उभ्याउभ्या खातात. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मिलिंद शांतपणे दुसरी प्लेट खात होता.

“काहून गा, लागली का?” त्यानं विचारलं.

मी चमकलो, पण तर्रीमुळे नाही. चार वर्षांत त्याच्या तोंडून मी ही भाषा ऐकली नव्हती. म्हणजे पहिल्या आठवड्यात ऐकली होती. होस्टेलच्या मेसमध्ये तो कुणाला तरी ‘मी जेवून राहिलो’ म्हणाला आणि मी सगळ्यांसमोर त्याची नक्कल केली. ‘जेवून राहिलास? कुठे राहिलास?’ मेस हसली. महिन्याभरात मिलिंद माझ्यासारखं बोलायला लागला आणि मी ते विसरूनही गेलो. आता गाडीवाल्याशी, रिक्षावाल्याशी आणि माझ्याशीही तो एकाच भाषेत बोलत होता. मला उगाचच वाटलं, की हा मला मुद्दाम दाखवतोय.

तालमीची जागा नंदनवन नावाच्या वस्तीत होती: एका घरामागची पत्र्याची शेड, आत भिंतीला टांगलेल्या गोधड्या, म्हणजे आवाज कमी घुमतो. मिलिंदचं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या मोडक्या रेडिओंच्या पोटातले भाग काढून त्यानं ॲम्प्लिफायर स्वतः जोडलेला. इंजिनिअर होऊन रेडिओ दुरुस्त करतो, असं मी मनात म्हणून घेतलं. मग त्यानं तार छेडली आणि त्या खोक्यातून जो फाटका, गुरगुरणारा आवाज निघाला, तो माझ्या इंपोर्टेड खोक्यातून जन्मात निघाला नव्हता.

कॅसेटवर बोलणारी बाई म्हणजे रत्नमाला, मिलिंदची मामेबहीण. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. दिवसभर ट्रंक कॉल जोडताना नंबर, गावं आणि नावं एका दमात बोलायची, आणि संध्याकाळी इथे येऊन तेच चालू ठेवायची. अंबाडा, हातात बांगड्या, चपला शेडबाहेर काढून ठेवलेल्या. ड्रमवर जावेद नावाचा एक किरकोळ माणूस. वाजवायला लागला की शेड हलायची. बेसवाला मिलिंदचा शेजारी.

गाणं सुरू झालं. मी हाताची घडी घालून, चुका शोधत उभा. गाणं अर्ध्यावर आलं आणि मिलिंद ओरडला, “पुण्यावर सांभाळजा गा!”

लगेच गिटार थांबली, रत्नमालाही थांबली. फक्त ड्रम आणि बेस चालत राहिले. आठ आवर्तनं, वर काहीही नाही. मग पुन्हा सगळे एकदम तुटून पडले.

गाणं संपल्यावर रत्नमाला म्हणाली, “जावेद, तू आज पुण्यात घाई करून राहिला बे.”

“पुण्यात मले करमतच नाही ना ताई,” जावेद म्हणाला. सगळे हसले.

मी लाल झालो. पाहुणा दारात उभा आहे आणि त्याच्या तोंडावर त्याच्या गावाची टिंगल! पण राग गिळून मी मुद्द्याचं बोललो. “मिलिंद, मध्ये ती आठ आवर्तनं नुसती मोकळी सोडली आहेस. गाणं पडतं तिथे. एखादी चांगली सुरावट हवी.”

मिलिंदनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. “हाव,” तो म्हणाला, “पाह्यजे तं होती.” आणि तारा जुळवायला लागला.

एवढ्यात शेजारचे एक गृहस्थ बनियनवर दारात आले. पुण्यात असते तर हातात कागद असता आणि त्यावर दुपारच्या झोपेची वेळ लिहिलेली असती. हे म्हणाले, “अरे, ते सरकावालं गाणं एकडाव म्हणा ना,” आणि उंबऱ्यावर मांडी घालून बसले. या गावात याला शेजारीही धड मिळालेत, हे मी मनात नोंदवलं.

प्रताप नगर

दुसऱ्या दिवशी प्रताप नगरात मिलिंदच्या घरी जेवण होतं, रत्नमालाही आली होती. त्याची आई, सगळे तिला माय म्हणतात, स्वयंपाकघरातून म्हणाली, “बाबू, त्या टोपलीतला सांबार दे बरं.” मी टोपलीत सांबाराचं पातेलं शोधत बसलो. इथे सांबार म्हणजे कोथिंबीर. इडली कुठे आहे असं मी विचारल्यावर माय हसून हसून खाली बसली.

पाटवडीचा रस्सा होता, आणि पुडाच्या वड्या, आत गच्च तोच सांबार. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली कॅसेटचं वेष्टन चौकटीत घालून लावलेलं. माझ्या घरी भिंतीवर बँकेचं कॅलेंडर आहे. मी तीन वड्या जास्त खाल्ल्या. चिडलो की मला भूक लागते.

बँडची सगळी कर्मकहाणी मायनंच सांगितली. पहिला कार्यक्रम शारदोत्सवात. दुसऱ्या गाण्याला मंडळानं वायर काढली. दुसरा एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, तिथे प्राचार्यांनी कानात बोटं घातली. मग वर्षभर कुणी विचारलं नाही. त्यानंतर गल्लीतल्या एका लग्नघरानं यांना बोलावलं, आणि हे खूश होऊन गेले.

“त्याइले वाटलं, हे पिपाणी-ढोलवाले बँडवाले हायत,” माय म्हणाली. “पोरं म्हणत होते ना, आमचा बँड हाय, बँड हाय!”

भर दुपारची वरात. नवरदेव घोड्यावर, आणि पुढे चालायला बँड हवा. आता नाही कसं म्हणायचं? यांनी एका हातगाडीवर ॲम्प्लिफायर चढवला, दुसरीवर जनरेटर, तिसरीवर जावेद ड्रमसकट. गिटारच्या पहिल्या आवाजाला घोडा उधळला. रस्ता तुंबला. रत्नमाला पाहुणी म्हणून नटूनथटून आलेली. तिनं मिलिंदच्या पुढ्यातला माईक ओढला आणि लोकांना बाजूला करायला लागली. जावेदला काय सुचलं कुणास ठाऊक, त्यानं तिच्या ओरडण्याला ठेका दिला.

“काय म्हणली होती वं तू?” मायनं विचारलं.

रत्नमालानं वाटीतला रस्सा संपवला, ताटावर बोटांनी ठेका धरला आणि सुरू झाली, “सरका गा सरका, रस्ता द्या सरका, नवरदेव उन्हात झाला मिरचीसारखा! घोड्याले पाणी द्या, काकाजीले खुर्ची द्या, वरमाय रुसून राहिली तिले आधी पुढं घ्या!”

वरात दीड तास त्या चौकातून हलली नाही. लोक नाचत होते. पुढे कुणीतरी दुबईहून त्या अमेरिकन पोरांची कॅसेट आणली. ती ऐकून मिलिंद रत्नमालाला म्हणाला, “हे तं तुहंच चोरून राहिले.”

मी हसलो. कुणीही हसलं असतं. पण आत काहीतरी टोचत होतं. इतकं छान फसायला हे लोक गेले आणि मी तिथे नव्हतो. त्या दिवशी मी बहुधा पुण्यात, खिडक्या लावून, परदेशी सुरावट हजाराव्यांदा घोटत बसलो असेन. तीन हातगाड्या होत्या. चौथी माझी असती.

निघताना मायनं मला दारात थांबवलं. “बाबू, तू तवा काहून नाही आला रे?” तिनं विचारलं.

मी म्हणालो, “मावशी, मला कुणी बोलावलंच नाही.” मायनं मिलिंदकडे पाहिलं. मिलिंद स्कूटरला किक मारत होता. ती पहिल्या किकमध्ये सुरू होणारी स्कूटर त्या दिवशी सात किका मारूनही सुरू झाली नाही.

भिवापूर

तिसऱ्या दिवशी भिवापूरला कार्यक्रम होता. मॅटॅडोरमध्ये पुढे माणसं, मागे खोकी. उमरेडच्या पुढे वाऱ्याचा वास बदलला आणि गाडीतले सगळे एकापाठोपाठ शिंकायला लागले. भिवापूरची मिरची. आमच्याकडे मिरची पाव किलोच्या पुडीत येते. इथे ती अंगणात, छपरावर, रस्त्याच्या कडेला पसरलेली, जमीन दिसत नव्हती. डोक्याला फडकी बांधलेल्या बाया देठ खुडत बसल्या होत्या. इतका सुंदर लाल रंग मी पाहिला नव्हता, म्हणून एक मिरची उचलली, मोडून पाहिली, आणि थोड्या वेळानं घाम आला म्हणून त्याच हातानं डोळे पुसले.

पुढचं मला दिसलं नाही, फक्त ऐकू आलं. मी आंधळ्यासारखा गोल गोल फिरत होतो. कुणी म्हणे पाणी मारा, कुणी म्हणे पाणी नको. गर्दीतून एका म्हातारीचा आवाज आला, “अगा ए पाहुण्या, इकडं ये ना! दुधाची वाटी धरून कवाची तुही वाट पाहून राहिली मी!”

मी आवाजाच्या दिशेनं गेलो. तिनं मला खाली बसवलं, पदराचं टोक दुधात बुडवून डोळ्यांवर धरलं आणि माझ्या मूर्खपणाबद्दल चार शब्द ऐकवले. मला ते ऐकू येत नव्हते. माझ्या डोक्यात तिचं आधीचं वाक्य फिरत होतं. वाट पाहून राहिली मी. ती वाट पाहून थांबलेली नव्हती. मी गरगरत होतो, ती वाटी घेऊन उभी होती, त्या क्षणी वाट बघत होती. पाहून राहिली, म्हणजे पाहते आहे.

तुझी वाट पाहून राहिलो. मिलिंद.

ज्या ‘राहिलो’ची मी मेसभर नक्कल केली होती, तो पोस्टकार्डावर आला तेव्हा मला ओळखता आला नव्हता. कारण मिलिंद असं बोलतो हे मीच पुसून टाकलं होतं. डोळे मिरचीनं वाहत होते, त्यामुळे बाकीचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

कार्यक्रम चार वाजता, मिरचीच्या बाजारात, फाळका पाडलेल्या ट्रकवर. समोर पोत्यांवर माणसं बसलेली, देठ खुडणाऱ्या बाया काम थांबवून आलेल्या. जावेदनं पहिला दणका दिला आणि हवेत मिरचीची धूळ उडाली. सगळा बाजार खोकायला लागला. रत्नमालालाही ठसका लागला. पण ती थांबली नाही. खोकली ती तालात खोकली, आणि माईक लोकांपुढे धरला. लोक तालात खोकले. मी सुजलेल्या डोळ्यांनी पाहत होतो, आणि मला या सगळ्यांचा इतका हेवा वाटत होता, की त्याची लाजही वाटेना.

मग ते गाणं आलं, आणि गाण्यातली ती जागा. गिटार थांबली. रत्नमाला थांबली. ड्रम आणि बेस. आणि त्या मोकळ्या आठ आवर्तनांत सगळ्या बाजारानं टाळ्या धरल्या. म्हातारीनं वाटी बाजूला ठेवून टाळ्या धरल्या. मिलिंद गिटारवरचे हात सोडून डोळे मिटून उभा होता. गाणं तिथे पडत नव्हतं. मी नंदनवनात सांगितलेली अक्कल मला आठवली.

परतताना, उजेड होता तोवर, मी बॅगेतून पोस्टकार्ड काढलं आणि मिलिंदला दिलं. “याचा अर्थ मी काय लावला माहीत आहे?” मी म्हणालो आणि सांगितला.

मिलिंदनं ते दोनदा वाचलं. “तुले पहिल्यांदाच आमच्या बोलीत लिहिलं होतं गा,” तो म्हणाला. “म्हटलं, गाणी हिच्यातच कराची, तं सुरुवात तुह्यापासून करू. तू उत्तर नाही देल्लं. मले वाटलं, तू पुन्हा हसून राहिला असशीन.”

मग रत्नमाला हळूच म्हणाली, “म्हणजे दादा, पुणं म्हणजे हे?”

“हे म्हणजे काय?” मी विचारलं.

मिलिंद खिडकीबाहेर बघत होता, म्हणून तिनंच सांगितलं. पहिलं गाणं बांधलं तेव्हा मिलिंदनं मध्ये आठ आवर्तनं मोकळी ठेवली. तिथं पुण्याचा माणूस वाजवणार हाय, म्हणाला. येईल तोवर हात नाही लावाचा. दोन वर्षं प्रत्येक गाण्यात तेवढी जागा तशीच. तिचं नावच पुणं पडलं.

“मले तं वाटे,” मागून जावेद म्हणाला, “पुणं म्हणजे जिथं काहीच होत नाही!” कुणी हसलं नाही, तेव्हा तो पुन्हा खोक्यांना टेकला.

मी गिटार वाजवायचं सोडलेलं नाही. बोटं अजून चालतात. गेली सहा वर्षं जी गोष्ट मी मागितली नव्हती, ती मी त्या गाडीत मागितली. “मिलिंद,” मी म्हणालो, “आता आलोय मी. वाजवू का तिथे?”

त्यानं रत्नमालाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खोटं बोलायला त्याला कधीच जमलं नाही. “नाही जमत गा आता,” तो म्हणाला. “मी थांबलो होतो तुह्यासाठी. मंग एकडाव काटोलले लोकायनं टाळ्या धरल्या. आता ते लोकायचं झालं. तुले देल्लं तं त्याइच्याकडून काढून घ्या लागते.”

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? उमरेडला त्यानं गाडी थांबवून मला चहा पाजला आणि पोस्टकार्ड परत दिलं. मी म्हणालो, “ठेव तू.” तो म्हणाला, “नाही, तुले आलं हाय ते.”

पुणे

येताना मायनं संत्री दिली, रत्नमालानं भिवापुरी मिरचीची पिशवी. मिरची बायकोनं वर्षभर पुरवायची ठरवली आहे, चिमूट चिमूट. आल्याआल्या तिनं विचारलं, “कसा आहे बँड? वाईट आहे ना?” मी म्हणालो, चांगला आहे. तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

हेवा गेला असेल असं कुणाला वाटत असेल, तर नाही गेला. पूर्वी मला मिलिंदचा हेवा वाटायचा. आता भिवापूरच्या त्या दोनशे माणसांचा वाटतो. माझ्या जागी ते टाळ्या वाजवतात आणि त्यांना ते ठाऊकही नाही.

रोज ऑफिसातून आलो की मी कॅसेट लावतो. गिटार मांडीवर घेतो आणि गाणं अर्ध्यावर येईपर्यंत गप्प बसतो. मिलिंदची गिटार थांबते, रत्नमाला थांबते. कॅसेटवर टाळ्या नाहीत. तिथे ती आठ आवर्तनं अजून मोकळी आहेत. तेवढीच वाजवतो. मग कॅसेट मागे घेतो.

परवा बायको कणीक मळता मळता दारात आली. जरा वेळ ऐकत उभी राहिली. म्हणाली, “अहो, रोज एवढाच तुकडा? काय करताय तरी काय?”

“वाजवून राहिलो,” मी म्हणालो.